घरून नेलेले तेल

शास्त्रभाग : लूक 10:25-37, मत्तय 25:1-13



चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. याजक गेला, लेवी गेला, आणि ज्याची कोणी आशा धरली नसती तो थांबला. त्याला कळवळा आला, हे आपण सर्व जण सांगतो. परंतु एक गोष्ट आपल्या ध्यानातून सुटते. जखमांवर ओतावयास त्याच्याजवळ तेल व द्राक्षारस होता. यरीहोच्या त्या ओसाड वाटेवर ते त्याला कोठून मिळाले असते? ते त्याच्या सामानात आधीपासूनच असले पाहिजे. कळवळा वाटेत उपजला, पण तेल बरोबर होते म्हणून तो कामास आला.

आता आपल्या जालना जिल्ह्याच्या वाटांकडे पाहू. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, जाफ्राबाद, कोणताही तालुका घ्या. डांबरी सडक सोडली की काळ्या मातीची गाडीवाट लागते. उन्हाळ्यात तिच्यावर बाभळीचे काटे पडलेले असतात. पावसाळ्यात चिखल चाक व मडगार्ड ह्यांच्यामध्ये असा भरतो की सायकल ढकलताही येत नाही. रेव्ह. नारायण शेषाद्री ह्यांनी जालन्याजवळ बेथेल वसविले, तेव्हा हवेचे टायर आपल्याकडे ठाऊक नव्हते. जॉन बॉइड डनलॉप ह्या स्कॉटिश पशुवैद्याने ते बेलफास्ट येथे 1888 साली व्यवहारात आणले. पुढे सायकल खेडोपाडी पोहोचली व पायी चालणाऱ्यांचे श्रम हलके झाले. तथापि जे हवेवर चालते ते एका काट्याने थांबते.

आज मोटारसायकली पुष्कळ झाल्या व खिशात मोबाइल आला. तरी सायकल गेलेली नाही. मानव विकास कार्यक्रमातून मराठवाड्याच्या खेड्यांतील अनेक शाळकरी मुलींना शासनाने सायकली दिल्या. सायकल मिळाली, पान्हा व पंप घरात आहे काय? चाक बसले की ती भिंतीला टेकते, बाप म्हणतो, बाजाराच्या दिवशी पाहू, आणि मुलीची शाळा आठ दिवस बुडते. मोबाइलने निरोप जातो, पंक्चर निघत नाही. दूरच्या वस्तीवर अंथरुणाला खिळलेली म्हातारी आपली वाट पाहत असते. आपण का आलो नाही हे तिला कळत नाही. कोणी आले नाही एवढेच कळते.

म्हणून लांब जाणाऱ्याने सीटमागे एक लहान पिशवी बांधावी. तिच्यात टायर काढावयाच्या दोन पट्ट्या, चाकाच्या नटाला बसणारा पान्हा, काचकागद, सोल्यूशनची नळी, जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे, वालट्यूबचा थोडा तुकडा व एक चिंधी असावी. हातपंप सायकलच्या दांडीला बांधावा. सोल्यूशनची नळी एकदा उघडली की आतल्या आत सुकते, तेव्हा ती मधून मधून पाहत जावी. हवा गेली की आधी वालावर थुंकी लावून पाहावे. पुष्कळदा पंक्चर नसतेच, उन्हाने वालट्यूब फाटलेली असते.

पंक्चर असेल तर ट्यूब पाण्यात धरावी, पाणी नसेल तर गालाजवळून फिरवावी. भोक सापडले की तेथे काचकागदाने घासावे, सोल्यूशन पातळ लावावे आणि ते चिकट होईपर्यंत थांबावे. घाई करणाऱ्याचा तुकडा सुटून येतो. मग टायरच्या आतून चिंधी फिरवावी व काटा शोधून काढावा. काटा आत राहिला तर नवी ट्यूबही थोड्याच अंतरावर बसेल. मंडळीतले तंटे आपण किती वेळा असेच सांधतो! वडील मंडळी बसतात, हात मिळविले जातात, आणि मनातला काटा तसाच राहतो.

कोणी म्हणेल, इतकी तयारी करणे म्हणजे देवावर भरवसा नसणे नव्हे काय? बंधूंनो, दहा कुमारींपैकी ज्यांनी भांड्यांत तेल घेतले त्यांना प्रभूने शहाण्या म्हटले, अविश्वासी म्हटले नाही. परंतु त्या शहाण्यांना आपले तेल दुसऱ्यांस देता आले नाही, आणि शोमरोन्याने तर आपले तेल परक्यासाठी ओतले. हे दोन दाखले एकमेकांच्या विरुद्ध आहेत काय? नाहीत. काही गोष्टी उसन्या देता येतात, काही येत नाहीत. पंप देता येतो, पान्हा देता येतो. हाताचे कसब मध्यरात्री कोणाकडून उसने मिळत नाही. विश्वासाचेही तसेच आहे. बापाच्या विश्वासावर मुलाला अंधारात चालता येत नाही. जे देता येत नाही ते आधीच शिकवून ठेवावे, आणि जे देता येते ते हात न आखडता द्यावे.

तर येत्या रविवारी उपासना झाल्यावर झाडाच्या सावलीत आपापल्या सायकली उलट्या करा. मुलींना बाजूला उभे करू नका. चाक त्यांच्याच हाताने काढवा. आणि पिशवी केवळ स्वतःसाठी बांधू नका. रस्त्याकडेला कोणी चाक काढून बसलेला दिसेल तेव्हा त्याची जात, त्याचे गाव, त्याचा देव विचारू नका. खाली उतरा व पंप पुढे करा. याजक व लेवी ह्यांनाही कदाचित दया आली असेल. परंतु ते थांबले नाहीत, म्हणून त्या जखमी मनुष्याला तिचा काही उपयोग झाला नाही. देव आपणांस थांबणारे मन देवो, आणि थांबल्यावर रिकामे ठरणार नाहीत असे हात देवो. आमेन.