भाग बदलले, वस्तू तीच?

कुवेतमध्ये 1982 साली मोहम्मद अल-शारेख यांनी सुरू केलेल्या कंपनीने ‘सखर’ हे अरबी संगणक घरोघरी नेले, पुढे कुराण आणि हदीसही संगणकावर आणले. 1990च्या इराकी आक्रमणानंतर काम कैरोला हलले. त्या काळचे सखर हौशी लोक आजही खोलून बसतात. जुना कपॅसिटर काढून नवा सोल्डर करायचा, कळफलकाखालचे गंजलेले संपर्क घासायचे. एवढे बदलल्यावर तो संगणक तोच राहतो का?

असाच प्रश्न राजा मिलिंदापुढे बौद्ध भिक्खू नागसेनाने रथावरून ठेवला होता. चाक म्हणजे रथ नव्हे, आसही नव्हे. सगळे एकत्र आले की आपण ‘रथ’ म्हणतो.

नागसेनाचा दुसरा दाखला अधिक नेमका आहे. रात्रभर जळणारी ज्योत पहाटे तीच नसते, पण वेगळीही नसते.

एचएमटीचे ‘जनता’ घड्याळ रोज मनगटावर बांधणाऱ्यांना हे पटावे. सकाळी चावी द्यायची, की चक्र सेकंदाला पाच ठोके देत राहते. काच बदलते, पट्टा बदलतो, कधी स्प्रिंगही. कपाटातल्या अस्पर्श घड्याळाचा एकही भाग बदललेला नसतो; पण त्याचे तेल वाळते, चक्र अडकते. चालते ठेवलेले घड्याळच स्वतःशी अधिक प्रामाणिक, कारण त्याचा प्रवाह तुटलेला नसतो. सखर दुरुस्त करणाराही मूळ सुटे भाग जपण्यापेक्षा पडद्यावर पुन्हा अरबी अक्षरे उमटावीत म्हणून धडपडतो.