दया, न्याय आणि देवळाच्या पायऱ्या

देवाचे द्वार सर्वांना मोकळे असावे, याविषयी आज आपल्यापैकी कोणाचाही मतभेद असणार नाही. परंतु द्वार मोकळे असणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दाराला कुलूप नाही, दारात अडविणारा कोणी नाही. तथापि दारापुढे सात उंच पायऱ्या आहेत आणि येणारा भक्त चाकांच्या खुर्चीत बसलेला आहे. त्याच्यापुरते ते द्वार मोकळे की बंद? ‘आम्ही कोणासही मज्जाव केलेला नाही’ हे उत्तर खरे आहे. ते पुरेसे आहे काय, याचा विचार आपण शांतपणे केला पाहिजे.

या प्रश्नाला आपल्याकडे बहुधा एकच उत्तर मिळते आणि ते मनापासून दिलेले असते : ‘आम्ही चौघे मिळून त्यांना उचलून आत नेऊ.’ या भावनेचा अनादर कोणी करू नये. पण ज्याला उचलावयाचे, त्याच्या बाजूनेही एकदा पाहावे. त्याला प्रत्येक वेळी कोणाला तरी हाक मारावी लागते. चार माणसे गोळा होईपर्यंत थांबावे लागते. सर्वांदेखत आपला देह परक्या हातांत सोपवावा लागतो आणि परतताना पुन्हा तीच विनवणी करावी लागते. पहाटेच्या काकड आरतीला एकट्याने यावे, सभामंडपाच्या कोपऱ्यात घटकाभर निवांत बसावे आणि वाटेल तेव्हा घरी जावे, हे सुख आपणांस इतके सहज लाभते की ते सुख आहे हेही ध्यानात येत नाही. माणसाला माणसाच्या आधाराची गरज नेहमीच राहणार आणि त्यात कमीपणा नाही. पण दुसऱ्याची अगतिकता दूर करणे शक्य असताना ती तशीच ठेवायची आणि तिच्यावर आपल्या सेवेचे पुण्य उभारायचे, याला धर्म म्हणता येईल काय?

दया आणि न्याय यांतील भेद येथे दिसतो. दया ही देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. न्याय हा घेणाऱ्याच्या अधिकारावर उभा असतो. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले आणि ते मंदिर खुले झाले. त्यांनी कोणाच्या दयेची याचना केली नव्हती. जे मुळात त्या बांधवांचे होते ते त्यांना मिळावे, एवढेच मागितले होते. तेथे माणसांनी जाणूनबुजून दार लावले होते. आपल्या पायऱ्या बांधणाऱ्यांच्या मनात तसा हेतू नव्हता, हे खरे. म्हणून बांधणाऱ्यांस दोष देता येत नाही. मात्र अडथळा ध्यानात आल्यानंतर तो तसाच राहू देणे हा आपला निर्णय ठरतो, आणि त्याची जबाबदारी आपल्यावर येते.

आता कोणी म्हणेल, ‘सद्भावना असली म्हणजे झाले, मापे आणि नियम कशाला?’ याचे उत्तर पुष्कळ सार्वजनिक इमारतींच्या दारातच सापडते. उतार बांधलेला असतो, पण इतका उभा की त्यावरून खुर्ची एकट्याने चढविता येत नाही आणि उतरताना आवरत नाही. म्हणून प्रमाण ठरलेले आहे : १ फूट उंची गाठण्यास उताराची लांबी किमान १२ फूट हवी. जोते दीड फूट उंच असेल तर उतार १८ फूट झाला पाहिजे. सहा फुटांत आटोपलेला उतार हा केवळ देखावा होय. दाराची मोकळी रुंदी सुमारे ९० सेंटीमीटर हवी, खुर्ची वळविण्यास दीड मीटर व्यासाची सपाट जागा हवी. १९६७ साली जपानमधील ओकायामा शहरात सेइइची मियाके यांनी तयार केलेल्या, अंध पादचाऱ्यांस वाट दाखविणाऱ्या उंचवट्यांच्या फरशा प्रथम बसविल्या गेल्या. आज आपल्याकडील मेट्रो स्थानकांतही त्या दिसतात. पण त्या फरशांची रांग मध्येच एखाद्या खांबावर जाऊन थांबली, तर सद्भावना असूनही अंध माणसाचे कपाळ फुटेल. दयेला माप नसते. न्यायाला ते असावेच लागते.

आपल्या देशाच्या कायद्यानेही हीच दिशा धरली आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यातील सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत खासगी मालकीच्या, पण लोकांच्या वापरातील इमारतीही येतात आणि धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वास्तूंचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. पुढे मार्गदर्शक सूचना झाल्या; परंतु त्या पाळाव्यात की नाही हे बहुतांशी ज्याच्या त्याच्या इच्छेवर राहिले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कायदा बंधन घालत असताना नियमाने केवळ शिफारस करणे विसंगत आहे. आणि किमान बंधनकारक नियम तीन महिन्यांत करावेत, असा आदेश केंद्र सरकारला दिला. कर्तव्य हे इच्छेवर सोडता येत नाही, हाच नीतिविचार न्यायालयाच्या भाषेत तेथे उमटला आहे.

तरीही काही शंका उरतात. ‘असे भक्त येतातच किती?’ असे विचारले जाते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. ते आपल्या दारात दिसत नसतील तर का दिसत नाहीत, हे पायऱ्यांनाच विचारावे. वाट नाही म्हणून जो येत नाही, तो येत नाही म्हणून वाट नको, हा तर्क स्वतःभोवतीच फिरतो. शिवाय दीर्घायुष्याचा आशीर्वाद आपण देवाजवळ मागतो, तेव्हा थकलेले गुडघे आणि मंदावलेली दृष्टीही त्यासोबत येते. आज दुसऱ्यासाठी बांधलेला कठडा उद्या आपल्याच हाताला लागणार आहे.

शुचितेची शंका अधिक नाजूक आहे, पण तिचा परिहार सोपा आहे : बाहेरची चाके आत नकोत, तर मंदिराची स्वतःची स्वच्छ खुर्ची दारात ठेवावी. जुन्या दगडी वास्तूची मोडतोड नको असेल, तर बाजूच्या दाराला उतार करावा किंवा काढता-घालता येणारा उतार वापरावा. मात्र ते दार दर्शनाच्या वेळी उघडे असावे, त्याच्या किल्लीसाठी कोणास शोधत फिरावे लागू नये. गाभाऱ्यात सर्वांनाच प्रवेश नसेल तर तेथे नेण्याचा आग्रह कोणी धरणार नाही. मागणी एवढीच आहे की, इतर भक्त जेथवर जातो तेथवर हाही जावा.

पुढील जीर्णोद्धाराच्या किंवा दुरुस्तीच्या वेळी शिखराचा रंग आणि मंडपाच्या फरशा यांची चर्चा होईल, ती व्हावीच. त्याआधी मोजपट्टी घेऊन आपले जोते, आपला उंबरठा आणि आपली दारे एकदा मोजावीत. आणि मोजताना, ज्यांना आजवर बाहेरूनच हात जोडावे लागले, त्यांनाच सोबत बोलावून विचारावे. त्यांच्या अडचणी त्यांच्याइतक्या नेमकेपणाने दुसरा कोणी सांगू शकणार नाही.