तीच सायकल, की दुसरी?

१९७० च्या दशकातली इंग्लिश किंवा इटालियन रेसिंग सायकल आज विक्रीला येते तेव्हा ती कारखान्यातून निघाली तशी क्वचितच असते. रेनॉल्ड्स ५३१ किंवा कोलंबस नळ्यांची पोलादी फ्रेम टिकते. चेन, फ्रीव्हील, छर्रे, केबली, टायर वापराने संपतात. ब्रेकच्या लिव्हरवरचे रबर तर नुसते पडून राहिले तरी तडकते. सगळ्यांत चिवट दुखणे सीटच्या दांड्याचे. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत ओलीमुळे असा धरून बसतो, की दिवसचे दिवस तेल मुरवूनही हलत नाही आणि शेवटी करवतीने आतून कापून काढावा लागतो. मग गंज खरवडणे, क्रोम, रंग, नवे स्टिकर. एवढे सगळे झाल्यावर विकणारा तिला ‘१९७४ ची मूळ सायकल’ म्हणतो. हे विधान कितपत खरे?

हा प्रश्न ग्रीकांनी जहाजावरून घातला. अथेन्सकर थिसियसच्या जहाजाची कुजलेली फळी काढून नवी बसवत राहिले, आणि ते तेच जहाज का यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले, असे प्लुटार्क सांगतो. हॉब्जने १६५५ च्या ‘डे कॉर्पोरे’मध्ये पेच वाढवला: काढलेल्या फळ्या कोणी जपून पुन्हा त्याच क्रमाने जोडल्या तर? जहाजाच्या बाबतीत ही कल्पना होती, सायकलींच्या धंद्यात भागांची अशी फाटाफूट नेहमीची गोष्ट आहे. सुटे भाग विकून पुष्कळदा अख्ख्या सायकलीपेक्षा जास्त पैसे सुटतात. मग फ्रेम एकाच्या घरी जाते आणि कॅम्पान्योलोचे गिअर-ब्रेक दुसऱ्याच्या फ्रेमवर चढतात. धंद्याने यावर आपला तोडगा काढला आहे. क्रमांक बहुधा फ्रेमवर, पायडलच्या आसाखाली ठोकलेला असतो. क्रमांक जिथे, सायकल तिथे. कॅम्पान्योलोच्या त्या काळच्या मागच्या डेरेलरवर, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागावर, पेटंटच्या शिक्क्यासोबत सालाचे दोन आकडे असत, त्यामुळे ७४ च्या फ्रेमवरचा ७८ चा डेरेलर जाणकार लगेच ओळखतो. पण क्रमांकाने हिशेब आणि मालकी लागते, मूळ शंका फिटत नाही.

आपल्याकडच्या न्याय-वैशेषिक दर्शनाने ती टोकापर्यंत नेली. त्या तत्त्वज्ञांच्या मते अवयवी, म्हणजे अख्खी वस्तू, हा अवयवांच्या बेरजेहून वेगळा, स्वतंत्र पदार्थ आहे. ‘रथ’ हे केवळ व्यवहाराचे नाव, असे म्हणणाऱ्या बौद्धांशी त्यांचा वाद याच मुद्द्यावर होता. यावरून भाग बदलले तरी सायकल टिकत असावी असे वाटेल, पण निष्कर्ष उलटा निघतो. वस्त्रातले काही धागे काढले की पहिले वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचा ‘खंडपट’ उत्पन्न होतो. ‘तेच हे’ ही ओळख केवळ सारखेपणाने होते. या हिशेबाने आरा बदलला की सायकल नवी. तर्क चोख आहे, पण त्यावर दुकान चालत नाही: सकाळी दुरुस्तीला टाकलेली सायकल संध्याकाळी नेणाऱ्याची नसेलच!

जैन परंपरेची मांडणी इथे अधिक उपयोगी पडते. समंतभद्रांच्या ‘आप्तमीमांसे’त सोन्याचा घट मोडून मुकुट घडवला जातो. घट हवा असलेला कष्टी होतो, मुकुट हवा असलेला हरखतो, सोनेच हवे असलेल्याला काहीच वाटत नाही. तिघांच्याही मनःस्थितीला वस्तूतच कारण असते, म्हणून नाश, उत्पत्ती आणि टिकणे तिन्ही खरी. जुन्या सायकलीची गिऱ्हाइकेही अशीच तीन तऱ्हांची. टस्कनीतल्या गायोले इन क्यांती गावी १९९७ पासून भरणाऱ्या ‘लेरोइका’ फेरीला जायचे असेल, तर सायकल १९८७ पर्यंतची, गिअरच्या दांड्या फ्रेमच्या नळीवर आणि ब्रेकच्या केबली हँडलबाहेरून गेलेल्या, असे मुख्यतः बघतात. मूळ रंगासाठी तिथे कोणी अडून बसत नाही. संग्राहकाला मात्र पोपडे आलेला तोच रंग हवा असतो. नव्या रंगाने त्याचा घट मोडला, आणि त्याची हळहळ ही नुसती हौशी कुरकुर नव्हे. खरवडलेला कारखान्याचा रंग कितीही पैसे ओतून परत येत नाही.

एकाच वस्तूच्या अनेक बाजू खऱ्या मानणाऱ्या या जैन अनेकांताचा अर्थ विक्रेत्याने वाटेल ते म्हणावे असा मात्र नाही. ‘तत्त्वार्थसूत्रा’त अचौर्य व्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, दिले आहेत, त्यांत नकली माल अस्सल म्हणून खपवणे, म्हणजे ‘प्रतिरूपक व्यवहार’, हा एक. असत्याच्या यादीत न घालता तो चोरीत धरला, हे मार्मिक आहे. परवा छापलेले स्टिकर लावून गप्प बसणारा तोंडाने खोटे बोलतच नाही, तरी गिऱ्हाइकाच्या खिशातून जादा पैसे जातात. सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये ‘डे ऑफिकीस’मध्ये हाच वाद मांडला. घरातले दोष कायदा सांगायला लावील तेवढेच सांगावेत, असे त्यातला स्टोइक तत्त्वज्ञ डायोजिनीस म्हणतो. त्याच पंथाचा अँटिपाटर सगळेच सांगायला लावतो. सिसेरोचा कौल अँटिपाटरकडे. न सांगणे म्हणजे दरवेळी लपवणे नव्हे, पण ज्याला कळणे हिताचे त्याला आपल्या नफ्यासाठी अंधारात ठेवले, तर ते लपवणेच.

तेव्हा विकताना प्रत्येक भागापुढे तो मूळचा, त्याच काळातला पण दुसऱ्या सायकलीचा, की नवी नक्कल, हे लिहून देणे पुरते. फ्रेमला तडा किंवा जोडकाम असेल तर ते आधी सांगावे, कारण तिथे किमतीइतकाच स्वाराच्या हाडांचाही प्रश्न असतो. क्रमांकाची जागा कानशीने घासलेली किंवा पुट्टीने बुजवलेली आढळली, तर रंगाचा डबा उघडण्याआधीच थांबावे लागते, कारण ती सायकल चोरीची असू शकते. त्याच पाच अतिचारांत चोराने आणलेला माल घेणे हाही एक आहे.