काढून ठेवणे

शाळेतून आलेल्या मुलाला आई सांगते, ‘गणवेश काढून ठेव.’ ‘काढून टाक’ असे ती म्हणत नाही. ‘ठेव’ आणि ‘टाक’ यांतला फरक त्या मुलाला व्याकरणाच्या पुस्तकाआधीच कळलेला असतो. इंग्रजीतल्या ‘डॉफ’ या क्रियापदाचे मर्मही या ‘ठेव’मध्येच आहे.

‘डॉफ’ म्हणजे अंगावरचे वस्त्र, विशेषतः डोक्यावरची टोपी, उतरवणे. ‘डू’ आणि ‘ऑफ’ यांचा संधी होऊन तो झाला, जसा ‘डू’ आणि ‘ऑन’ मिळून घालण्याचा ‘डॉन’ झाला. पण ‘डू’ म्हणजे करणे. त्याचा कपड्यांशी काय संबंध? जुन्या इंग्रजीत ‘डू’चा अर्थ ‘ठेवणे’ असाही होता. तेव्हा ‘डॉन’ म्हणजे अंगावर ठेवणे आणि ‘डॉफ’ म्हणजे अंगावरून दूर ठेवणे.

हा ‘डू’ आपला दूरचा भाऊबंद आहे. संस्कृतातला ‘धा’ धातू आणि तो एकाच मुळाचे. ‘धा’चाही अर्थ ठेवणे. अंगाभोवती ठेवायचे ते परिधान, जपून ठेवायचे ते निधान. लग्नात शेरवानी ‘परिधान’ करणारा नवरदेव आणि टोपी ‘डॉफ’ करणारा इंग्रज एकाच धातूवर उभे आहेत.

१७५५ च्या आपल्या कोशात सॅम्युअल जॉन्सनने ‘डॉफ’ची गणना कालबाह्य, खेडवळ शब्दांत केली होती. त्याआधी शेक्सपिअरची ज्युलिएट रोमिओला त्याचे नाव ‘डॉफ’ करायला सांगते ती याच क्रियापदाने. जणू घराण्याचे नाव म्हणजे खुंटीला अडकवून ठेवता येईल असा अंगरखा. जॉन्सननंतरही शब्द टिकला. सूतगिरणीत भरलेल्या बॉबिनी उतरवून त्या जागी रिकाम्या लावण्याला ‘डॉफिंग’ म्हणतात. तिथे नुसते काढून भागत नाही. रिकामी बॉबिन ठेवली, की साचा पुन्हा सुरू.

२०२० मध्ये हा शब्द आपल्या रुग्णालयांच्या दारांवर आला. पीपीई किट चढवण्याची खोली ‘डॉनिंग’ची, उतरवण्याची ‘डॉफिंग’ची. खरी जोखीम उतरवताना होती. आठ तासांच्या घामाने भिजलेल्या परिचारिकेला ते किट ओरबाडून फेकावेसे वाटत असणार. पण क्रम ठरलेला होता: बाहेरची बाजू आत गुंडाळत, मध्ये मध्ये हात निर्जंतुक करत, सावकाश पिशवीत ठेवायचे. ज्या किटची पुढे जाऊन विल्हेवाटच लागायची, तेही तिला टाकता येत नव्हते. काढून ठेवावेच लागत होते.