कर्ज कोणाच्या खिशातून फिटणार?

१९८७ साली महाराष्ट्राने कायद्याने कॅपिटेशन फीला मनाई केली. तरीही खासगी महाविद्यालयातील डॉक्टरकीचे शिक्षण सामान्य कुटुंबाला पेलवत नाही. मोठ्या कर्जासाठी बँक तारण मागते. ते बहुधा वडिलांचे राहते घर असते. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात हप्ते सहसा थांबतात, व्याज मात्र चढतच राहते. म्हणून पालकांनी आधीच हिशेब मांडावा, हे योग्यच.

परंतु त्या हिशेबात एक रकाना कोरा राहतो. हप्ते फेडण्यासाठी डॉक्टर अनावश्यक तपासण्या लिहून देऊ लागला, तर त्याचे कर्ज रुग्ण फेडतो. आणि रुग्णाने तर कोणत्याही कागदावर सही केलेली नसते. हा न्याय नव्हे.

शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थीही ऋणमुक्त नसतो. छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, १९५६ साली असे महाविद्यालय सुरू झाले. तेथील शिक्षणाचा मोठा भार जनतेच्या करांवर आहे. घाटीच्या रांगेत उभा असलेला मजूरही साबणाची वडी घेताना कर भरतो. त्याचे देणे कोणत्याही पासबुकात लिहिलेले नसते, म्हणून ते विसरणे सोपे जाते.

तेव्हा कर्ज किती वर्षांत फिटेल, याबरोबरच ते कोणाच्या खिशातून फिटेल, हेही आईवडिलांनी मुलाशी प्रवेशापूर्वीच बोलून घ्यावे.