दिसलेला मासा

हिमाचलातील तीर्थन नदीच्या डोहात ट्राउट मासा सहजासहजी दिसत नाही. तो प्रवाहाकडे तोंड करून एका जागी स्थिर राहतो आणि त्याची पाठ तळाच्या गोट्यांत मिसळून जाते. म्हणून जाणते लोक माशाला न शोधता तळावरची त्याची सावली शोधतात. पाण्यातून त्याला वरचे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून दिसते. ते चुकवावे म्हणून हे लोक मागून, ओणवे होऊन जातात. मगच कृत्रिम माशीचा गळ पडतो.

आम्हां कारकुनांना फायलीतला माणूस न पाहताच त्याच्यावर शेरा लिहावा लागतो. त्यामुळे असेल, आम्हांस प्रश्न पडतो तो असा: पाहून टाकलेला गळ अधिक निर्दोष की अधिक निष्ठुर? जाळ्यात सापडतो तो कोणताही मासा; येथे सापडतो तो हाच, ज्याच्या कल्ल्यांची उघडझाप आपण अर्धा तास न्याहाळली. (इतका वेळ एका माशाकडे कोणता अहिंसावादी पाहतो?) असे अवधान एरवी प्रेमात आढळते. येथे ते लोभापोटी जन्मते, आणि तरीही खोटे नसते.

पाहणारा अधिक दोषी, असे आमचे मत. तीर्थनकाठी मात्र कित्येक जण हात ओले करून गळ सोडवतात आणि मासा पुन्हा डोहात सोडतात, तेही पाहणाऱ्यांपैकीच.