चार पावलांचा उजेड

देव वाट दाखवतो, असं आम्ही ख्रिस्ती माणसं सहज बोलून जातो. पण वाट दाखवतो म्हणजे नेमकं काय करतो? पुढं काय होणार ते आधी सांगतो? आपलं नुकसान होऊ देत नाही? मी दहावी शिकलेला शेतकरी, धर्मशास्त्र माझ्या आवाक्यातलं नाही. पण नदीकाठच्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांवर गेलं. तिथं इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३. आमचा ऊस कितीतरी दिवस पाण्याखाली राहिला. सुरळीत गाळ बसला की उसाचं संपलं. पाणी उतरल्यावर शेजारचा बांधकरी म्हणाला, "आबा, तुम्ही तर लागणीआधी प्रार्थना करता. मग तुमच्या देवानं तुमचं रान का राखलं न्हाई?" त्यात चेष्टा नव्हती. त्याचंही सगळं गेलं होतं.

मी म्हणालो, "नुकसान होऊ देणार नाही, असा शब्द त्यानं मला कधी दिलाच न्हाई बाबा."

या उत्तरानं त्याचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही पुरतं झालं नाही. सोसायटीचं कर्ज तसंच डोक्यावर होतं. विश्वास असला म्हणजे झोप लागतेच असं नाही.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचे आईवडील मोठे भाविक. गावोगाव पुराण सांगत हिंडायचे. ते दोघंही दुष्काळात उपासमारीनं गेले. रमाबाई तेव्हा कोवळ्या वयाच्या होत्या. पुढं १८८३ साली त्या इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. म्हणून काय दुष्काळ पडायचे थांबले? १८९६-९७ ला पुन्हा पडला. त्या वेळी ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुली-बायकांना शेकड्यांनी घेऊन आली. केडगावचं मुक्ती मिशन त्यातनंच वाढलं. आईवडील का गेले, याचं उत्तर त्यांना कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही. पण भूक कशी मारते हे त्यांनी पाहिलं होतं, आणि आता कुठं जायचं हे त्यातनंच त्यांना दिसलं. देवाचं मार्गदर्शन मला असंच दिसतं. 'का' याचं उत्तर मिळत नाही, 'आता काय' याचं मिळतं.

आमच्याकडं मोटारीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते. पाणी पाजायला जाताना हातात बॅटरी. तिचा उजेड चार पावलं पडतो. सरीचं टोक काही दिसत नाही. पण चार पावलं चाललं की पुढची चार दिसतात. टोक दिसल्याशिवाय निघणार नाही म्हणून बांधावर बसलं, तर पाणी भलतीकडंच जायचं. अब्राहामही कुठं जायचं ते ठाऊक नसताना निघाला होता. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळायचा तो रोजच्या रोज. उद्यासाठी साठवला की त्यात किडे पडायचे.

पण चालणं म्हणजे घाई नव्हे. वापसा आल्याशिवाय रानात औत घालू नये, हे पोरालाही कळतं. थांबणं हीसुद्धा कधी कधी दाखवलेली वाटच असते.

आणि थांबणं म्हणजे देवावर टाकून निवांत पडणंही नव्हे. पुराचा इशारा झाला की चिखली, आंबेवाडीची माणसं जनावरं घेऊन सोनतळीला जातात. त्या वेळी "देव राखील" म्हणत गोठ्यात बसणाऱ्याला मी विश्वासू म्हणणार नाही. बंधाऱ्यावरची फूटपट्टी आणि दारात येऊन उठवणारा पोलीसपाटील, यांच्या तोंडूनही देव बोलत असेल की.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, आदल्या पुरापेक्षाही वर. पुढं येणार नाही असं कोण म्हणेल? मी प्रार्थना करतो, पण उसाची हमी आता मागत नाही. मागतो एवढंच, की पाणी चढेल तेव्हा डोकं ठिकाणावर राहू दे, आधी कुणाच्या गोठ्यातलं दावं सोडायचं ते सुचू दे, आणि पाणी उतरल्यावर त्याच चिखलात पुन्हा पाय घालायचं बळ दे. आजवर एवढं मिळत आलंय.